महाविद्यालयीन कार्यक्रम खऱ्या अर्थाने सर्वांचा कसा होईल?

डिसेंबर उजाडला की सिंधुदुर्गातील महाविद्यालयांच्या आवारात स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागते. मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय असो, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय असो की वेंगुर्ल्याचे बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय, त्या दिवसांत फलकांवर रंग चढतो, तालमी सुरू होतात आणि निमंत्रणांवर 'सर्वांचे सहर्ष स्वागत' असे छापले जाते. मात्र ग्रामीण भागातील कोणत्याही महाविद्यालयाचा सायंकाळचा कार्यक्रम पाहिला, तर बक्षीस समारंभ सुरू होण्यापूर्वीच मागच्या रांगा रिकाम्या होताना दिसतात. दूरच्या वाड्यांतून आलेली मुले, त्यातही मुली, वस्तीची एसटी गाठण्यासाठी निघून गेलेली असतात. त्यांना कोणी 'जा' म्हटलेले नसते. कार्यक्रमपत्रिकेनेच ते ठरवून टाकलेले असते.

कार्यक्रमातून कोणी वगळले जाते ते बहुधा द्वेषापोटी नव्हे, तर न केलेल्या विचारामुळे. तारीख, वेळ, जागा, वर्गणी, भाषा आणि जेवण या सहा गोष्टी ठरतात तेव्हाच कोण येणार आणि कोण येणार नाही हेही ठरते. त्यानंतर निमंत्रण कितीही आपुलकीने दिले तरी फारसा फरक पडत नाही. म्हणून विद्यार्थी परिषद, राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक, वाङ्मय मंडळ किंवा एखादी विद्यार्थी संघटना कार्यक्रम आखत असेल, तर सर्वसमावेशकतेचा विचार उद्घाटनाच्या भाषणात नव्हे, पहिल्याच बैठकीत व्हायला हवा.

कायद्याची चौकट

संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ साली संमत केला आणि भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. या कराराला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा वरकरणी न दिसणाऱ्या स्थितीही आल्या. उच्च शिक्षण संस्थांमध्ये या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव ठेवण्याचे बंधनही घालण्यात आले.

विद्यार्थी संयोजकांच्या दृष्टीने या कायद्यातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली 'वाजवी सोय', म्हणजेच एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावे यासाठी अवाजवी भार न पडता करता येण्यासारखा बदल. दुसरी म्हणजे सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांतील समान सहभागाचा हक्क. त्यासाठी कायद्यात २९ वे कलम आहे. सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिला. तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला याच न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने मान्यता दिली आहे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक असून, स्नेहसंमेलन किंवा सहल यांसारख्या कार्यक्रमांतील प्रसंगही तिच्या कक्षेबाहेर राहत नाहीत.

समितीत कोण आहे?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत विद्यार्थिनी प्रतिनिधी, तसेच मागास प्रवर्गांतील आळीपाळीने येणारा प्रतिनिधी यांची तरतूद आहे. परंतु कार्यक्रमाची समिती बहुधा मित्रमंडळींतूनच उभी राहते. शहरात राहणारे, दुचाकी असलेले आणि घरी उशिरा गेले तरी चालणारे विद्यार्थी बैठकीत बसतात, आणि स्वाभाविकपणे स्वतःच्या सोयीने दिवस आखतात.

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१ असून त्यातील सुमारे साडेबारा टक्के लोकच शहरी भागात राहतात. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया असलेला हा जिल्हा आहे. अशा जिल्ह्यात रोज एसटीने येणारी विद्यार्थिनी हीच 'सर्वसाधारण विद्यार्थी' समजली पाहिजे, आणि तिला डोळ्यांसमोर ठेवूनच आराखडा केला पाहिजे. समितीत किमान एक जण लांबच्या गावाहून एसटीने येणारा, एक अपंगत्व असलेला आणि एक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी घ्यावा. त्यांना केवळ नावापुरते न घेता खर्चाच्या आणि वेळेच्या निर्णयात मत द्यावे. बैठकही तासिका संपल्यावर सहा वाजता न ठेवता मधल्या सुटीत घ्यावी, अन्यथा ही माणसे समितीत असूनही बैठकीत नसतील.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे उदाहरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले आणि त्यातूनच 'अंतर्चक्षू' हा उपक्रम उभा राहिला. यात डोळस पाहुणे काळोखात दैनंदिन व्यवहार करून पाहतात. अशा उपक्रमाचा उद्देश दया उत्पन्न करण्याचा नसून, अडचण माणसाच्या डोळ्यांपेक्षा व्यवस्थेच्या रचनेत अधिक असते हे दाखविण्याचा असतो. लहान महाविद्यालयाला असे केंद्र उभारणे शक्य नसेल. पण ज्याच्यासाठी सोय करायची त्यालाच आधी विचारण्यास कोणताही खर्च येत नाही.

दिवस आणि वेळ

मालवण किनाऱ्याचे स्वतःचे पंचांग आहे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा तारकर्ली-देवबाग परिसरात पर्यटनाच्या ऐन गर्दीचा. घरगुती निवास व्यवस्था, खानावळी आणि होड्यांवर घरच्यांना हातभार लावणारे अनेक विद्यार्थी त्या दिवसांत मोकळे नसतात, आणि ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा तो सणच असतो. मार्च ते मे या काळात देवगड-मालवण पट्ट्यात आंब्याच्या बागांत आणि काजूत माणसे गुंतलेली असतात. मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठराविक तिथीने येत नाही, ती दरवर्षी ठरवून जाहीर केली जाते. ती समजण्यापूर्वीच फेब्रुवारी-मार्चमधील दिवस पक्का करणारे संयोजक हमखास अडचणीत येतात. नारळी पौर्णिमा, गणेशोत्सव आणि शिमगा हे दिवस कोणी विसरत नाही. मात्र रमजानचे उपवास, गुड फ्रायडे, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन हे समितीच्या नजरेतून सुटतात. तारीख निश्चित करण्याआधी हे सारे एका कागदावर मांडून पाहणे दहा मिनिटांचे काम आहे.

वेळेचा प्रश्न मात्र पूर्णपणे एसटीचा आहे. मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वेची जवळची स्थानके कुडाळ, सिंधुदुर्ग आणि कणकवली ही आहेत. आगारातून प्रत्येक मार्गाच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि सर्वांत लवकर सुटणाऱ्या शेवटच्या गाडीच्या किमान पाऊण तास आधी मुख्य कार्यक्रम संपवावा. बक्षीस वितरण शेवटी ठेवण्याची प्रथा मोडून ते दुपारीच उरकावे. पाहुण्यांचे भाषण लांबले तर कपात पाहुण्यांच्या वेळेत व्हावी, विद्यार्थ्यांच्या सादरीकरणात नव्हे. महिलांना एसटीच्या भाड्यात मार्च २०२३ पासून ५० टक्के सवलत मिळते. परंतु गाडीच नसेल तर सवलतीचा उपयोग शून्य. उशीर अटळच असेल, तर आगाराकडे लेखी अर्ज करून जादा गाडीची विचारणा वेळेत करावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, ही गोष्टही दिवसाच्या कार्यक्रमाच्याच बाजूची आहे.

जागा

सभागृह निवडताना समितीने स्वतः जाऊन प्रवेशद्वारापासून आसनापर्यंत, आसनापासून रंगमंचापर्यंत आणि तेथून स्वच्छतागृहापर्यंत चालून पाहावे. वाटेत लागणारी प्रत्येक पायरी मोजावी. चाकाच्या खुर्चीसाठी दरवाजा साधारण ९० सेंटिमीटर मोकळा हवा. रॅम्पचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी. या हिशेबाने दोन फूट उंच रंगमंचाला २४ फुटांचा रॅम्प लागतो. मंडपवाला ऐनवेळी टाकतो ती तिरकी फळी हा रॅम्प नसून धोका आहे. एवढी जागा नसेल तर रंगमंच कमी उंचीचा करावा किंवा सारा कार्यक्रम जमिनीवरच घ्यावा. विजेत्या विद्यार्थ्याला चौघांनी उचलून रंगमंचावर नेणे हा सन्मान नव्हे. अशा वेळी पाहुण्यांनी खाली उतरावे, तेही प्रत्येक विजेत्यासाठी.

स्वच्छतागृह हा तर उपस्थितीचा निर्णायक घटक आहे. पाणी, कडी, दिवा, झाकणाची कचरापेटी आणि सॅनिटरी पॅड एवढ्या गोष्टी नसतील, तर मुली पाणी न पिता दिवस काढतात किंवा लवकर घरी जातात. सिंधुदुर्गला या विषयाची मोठी परंपरा आहे. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी अस्पृश्यतेचे मूळ सफाईच्या कामाशी जोडलेल्या हीनतेत पाहिले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्यालाही मिळावे म्हणून त्यांनी सत्याग्रह केला आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ उभ्या राहिलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाच्या सुधारित रचनेवरही काम केले. महाविद्यालयीन कार्यक्रमात स्वच्छतेची पाळी सर्व स्वयंसेवकांत समान वाटून घेणे आणि ती ठराविक मुलांवर किंवा शिपायांवर न ढकलणे, हा या परंपरेचा आजचा साधा अर्थ होय.

ऐकणे, पाहणे, बोलणे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे रंगीत निमंत्रण हे केवळ चित्र असते; दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या मोबाइलमधील वाचक प्रणालीला त्यातील अक्षरे नीट वाचता येतीलच असे नाही. त्यामुळे प्रत्येक चित्रासोबत तोच मजकूर युनिकोड मराठीत टंकून पाठवावा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पुढच्या रांगेत, वक्त्याचा चेहरा स्पष्ट दिसेल अशा जागा राखाव्यात. सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असेल तर त्याची व्यवस्था महिनाभर आधी करावी. लांब कार्यक्रमासाठी दोन दुभाषी हवेत, कारण हे काम अर्ध्या तासाच्या आतच थकवणारे आहे. दुभाषी उजेडात उभा असावा. नाट्यप्रवेशाच्या वेळी सभागृहात काळोख करताना हे हमखास विसरले जाते. सतत मोठा आवाज आणि लुकलुकणारे दिवे काही विद्यार्थ्यांना असह्य होतात. त्यांना थोडा वेळ बसण्यासाठी एक शांत वर्ग उघडा ठेवावा.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. घरी मालवणी बोलणारा विद्यार्थी सूत्रसंचालनाच्या चाचणीत 'उच्चार ग्रामीण' म्हणून बाद होतो, आणि त्याच महाविद्यालयात विनोदासाठी मालवणी नाटुकले बसविले जाते. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' १९८० साली रंगमंचावर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीला महाराष्ट्रभर मान मिळवून दिला. त्यानंतरही मालवणी केवळ हसविण्यासाठीच वापरली जावी, हे योग्य नाही. सूत्रसंचालन प्रमाण मराठी आणि मालवणी अशा दोघांनी मिळून करावे. आभारप्रदर्शन, सूचना आणि गंभीर निवेदनही मालवणीत व्हावे.

पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांबाबतही असेच म्हणता येईल. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अशा कलावंतांना केवळ सजावटीसाठी न बोलावता पाहुण्यांच्या रांगेत बसवावे, मानधन आधी ठरवून त्याच दिवशी द्यावे आणि त्या समाजातील विद्यार्थ्यांना निवेदनाची संधी द्यावी.

वर्गणी, पोशाख, पंगत

'साडी डे', 'टाय डे', 'ट्रॅडिशनल डे' यांसारख्या दिवसांनी महाविद्यालयात रंगत येते, पण भाड्याचा पोशाख परवडत नसलेला विद्यार्थी त्या दिवशी घरीच राहतो. विषय असा निवडावा की घरात असलेल्या कपड्यांतही भाग घेता येईल. शक्य असल्यास 'पोशाखपेटी' ठेवावी. तिच्यातून साडी, फेटा किंवा दागिने नावनिशी न विचारता उसने मिळावेत. वर्गणी ऐच्छिक ठेवून कोणी किती दिली याची यादी जाहीर करू नये. सवलत हवी असणाऱ्याने सर्वांसमोर हात वर करण्याची वेळ येऊ नये.

जेवणाच्या पंगतीत भेदभाव सर्वांत सहज शिरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहांच्या भोजनगृहात ६ टेबले केवळ शाकाहारींसाठी राखण्याचा निर्णय झाला, विरोध करणाऱ्यांना दंड झाला आणि त्यावर देशभर चर्चा झाली. किनारपट्टीवर मासे हे रोजचे अन्न आहे, तर काही विद्यार्थी कांदा-लसूणही खात नाहीत. यावर व्यवहार्य तोडगा असा की पदार्थ वेगळे, वाढपी आणि पळ्या वेगळ्या, पण बसण्याची जागा एकच. प्रत्येक पदार्थावर नाव आणि शेंगदाणे, कोळंबी यांसारखे अ‍ॅलर्जीकारक घटक मराठीत लिहावेत. मांस देणार असल्यास ते हलाल आहे की नाही हे स्पष्ट सांगावे. रमजान असेल तर उपवास सोडण्याच्या वेळेस पाणी व खजूर ठेवावेत.

स्पर्धांचे नियम

मुंबई विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची पहिली फेरी विभागवार होते आणि सिंधुदुर्गातील महाविद्यालये त्यासाठी जीव तोडून तयारी करतात. विद्यापीठाचे नियम महाविद्यालयाला बदलता येत नाहीत. पण महाविद्यालयाच्या पातळीवरील स्पर्धांचे नियम मात्र पूर्णतः समितीच्या हाती असतात. निबंध स्पर्धेत लेखनिक किंवा संगणकाची मुभा, वक्तृत्वात तोतरेपणा असलेल्यास जादा वेळ, नृत्यात बसून सादरीकरणास मान्यता हे नियम आधीच छापावेत, म्हणजे कोणाला विनवणी करावी लागत नाही. गुणांकनाचे निकष सर्वांना तेच ठेवावेत. 'प्रोत्साहनपर' नावाचे सरसकट बक्षीस देऊन स्पर्धेबाहेर बसविणे हाही अपमानच.

मुलगे-मुली अशी विभागणी गरज असेल तेथेच करावी. गायन, वादन, चित्रकला, पाककला यांत तिचे कारण नसते. दशावतारात पुरुष कलावंताने केलेली स्त्री-भूमिका कोकणाने आदराने पाहिली आहे; मग मुलीने राक्षसाची भूमिका करणे किंवा तृतीयपंथी विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र मागणे यांचे नवल वाटू नये. नोंदणी अर्जात 'पुकारावयाचे नाव' हा रकाना ठेवल्यास बरेच प्रश्न सुटतात. जात, शरीर, रंग किंवा बाईपणा यांवरील विनोद असलेली एकांकिका तालमीतच थांबवावी. रंगमंचावर आल्यानंतर केलेली दिलगिरी उशिराची असते.

किल्ल्यावरील मोहीम : एक नमुना

राष्ट्रीय सेवा योजनेची स्वच्छता मोहीम हा जिल्ह्यातील नेहमीचा उपक्रम. सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोर कुरटे बेटावर असल्याने तेथे होडीनेच जावे लागते आणि चाकाची खुर्ची सहजी नेता येत नाही. पावसाळ्यात तर प्रवासी होड्या बंदच असतात. अशा वेळी काही विद्यार्थ्यांना घरी बसविण्याऐवजी मोहिमेचे दोन भाग करता येतात. एक गट किल्ल्यावर कचरा गोळा करील. दुसरा गट किनाऱ्यावरील धक्क्याजवळ त्याचे वर्गीकरण, वजन, नोंद आणि छायाचित्रण करील. अहवालात दोन्ही गटांचे श्रम समान धरावेत आणि प्रमाणपत्रही एकच द्यावे. तारकर्लीच्या वाळूत कार्यक्रम असल्यास चाकाची खुर्ची रुतते, म्हणून रस्त्यापासून बैठकीपर्यंत जाड काथ्याच्या चटया किंवा प्लायवूडच्या फळ्या अंथराव्यात. पोहता न येणाऱ्यांना होडीत जीवरक्षक जाकिटे सक्तीची असावीत आणि भीती वाटणाऱ्याची चेष्टा होऊ नये.

सहा आठवड्यांचा आराखडा

सहा आठवडे आधी : समितीची रचना, सण-हंगामांचा तक्ता, एसटीच्या वेळा, जागेची पाहणी. अंदाजपत्रकात सुगम्यतेसाठी स्वतंत्र रक्कम.

चार आठवडे आधी : नोंदणी अर्ज. त्यात 'सहभागासाठी कोणती सोय हवी?' हा खुला प्रश्न. प्रमाणपत्राची मागणी नको. दुभाषी, रॅम्प आणि जादा गाडीची मागणी.

दोन आठवडे आधी : स्पर्धांचे नियम जाहीर, संहितांचे वाचन, जेवणाची यादी, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण. मदत करण्याआधी विचारणे आणि सोबत्याशी न बोलता थेट त्या व्यक्तीशी बोलणे, हे त्यातील पहिले धडे.

आदल्या दिवशी : चाकाच्या खुर्चीसह वाटेची चाचणी, दिवे, पाणी, प्रथमोपचार, अंतर्गत तक्रार समितीचा संपर्क असलेला फलक.

कार्यक्रमाच्या दिवशी : प्रवेशद्वारी मदतकक्ष, वेळेचे काटेकोर पालन, शेवटच्या गाडीपर्यंत दोन स्वयंसेवक बसस्थानकावर.

आठ दिवसांनी : आढावा बैठक.

आढावा कोणाचा?

आढाव्याच्या वेळी उपस्थितांची मते घेतली जातात. खरी माहिती मात्र न आलेल्यांकडे असते. हजेरीपटावरून नावे काढून अनुपस्थित विद्यार्थ्यांपैकी काहींना कारण विचारावे आणि नावे न देता ती कारणे नोंदवावीत. गाडी नव्हती, पैसे नव्हते, घरच्यांनी पाठविले नाही, मागच्या वर्षी हसले होते, अशी उत्तरे आली तर पुढील वर्षाची कार्यक्रमपत्रिका तेथूनच लिहायला सुरुवात होते.

विद्यार्थी संघटनेची सर्वांत मोठी मर्यादा ही की तिची माणसे दरवर्षी बदलतात. एका समितीने कष्टाने मिळविलेले ज्ञान निरोपसमारंभाबरोबर निघून जाते. यासाठी बसच्या वेळा, रॅम्पची मापे, दुभाष्याचा संपर्क, खर्चाची बिले आणि अनुपस्थितांची कारणे यांची एक फाइल करून ती पुढच्या समितीच्या हाती सही घेऊन सोपवावी. 'सर्वांचे सहर्ष स्वागत' ही ओळ निमंत्रणावर दरवर्षी छापली जाणारच आहे. तिच्यामागे ही फाइल असेल, तर ती ओळ दरवर्षी थोडी अधिक खरी होत जाईल.